खिडकीखालचं नाव

शनिवारची दुपार म्हणजे दुकानात गिऱ्हाईक यायची वेळ. ती सोडून शटर ओढणं चष्मेवाल्याच्या नेहमी जिवावर यायचं, पण त्या शनिवारी त्याने दीडलाच दुकान बंद केलं. तुटलेली काडी हातात घेऊन आलेल्या एका आजोबांना "सोमवारी या, बसल्या बसल्या करून देतो," असं सांगून वाटेला लावलं आणि कॅमेरा गळ्यात अडकवून तो आधी घरी गेला.

आई खिडकीशी बसली होती. एक्याऐंशी वर्षांची, अंगावर दोन स्वेटर, मांडीवर त्यानेच आणून दिलेलं मोठं भिंग. एका डोळ्याने तिला जवळजवळ काही दिसत नव्हतं, दुसऱ्याने भिंगातून अक्षरं लागत, तीही मोठी असली तर.

"निघालास?" ती म्हणाली. "नाव नीट येऊ दे रे. बाकी इंजिन नाही आलं तरी चालेल."

"अगं, इंजिनावरच आहे ना नाव! ते कसं नाही येणार?"

"मला वाचता आलं पाहिजे, एवढंच म्हणते."

खुंटीवरचा जाड निळा कोट अंगात चढवून तो बाहेर पडला. हवा गोठलेली होती. आठ दिवसांत ऊन असं पडलंच नव्हतं, आणि रस्त्याकडेच्या गवतावरचा दवाचा बर्फ दुपार झाली तरी वितळला नव्हता.

हे नावाचं प्रकरण एक्केचाळीस वर्षं जुनं. चष्मेवाल्याचे वडील मालगाडीचे ड्रायव्हर होते. त्या काळी इंजिनाच्या डाव्या खिडकीखाली ड्रायव्हरचं नाव आणि उजव्या खिडकीखाली असिस्टंटचं नाव पांढऱ्या रंगात लिहायची पद्धत होती. वडिलांच्या इंजिनावर उजवीकडे ज्यांचं नाव होतं ते शेजारच्याच क्वार्टरमधले काका, म्हणजे रंगाऱ्याचे वडील. दोघांच्या बायका एका नळावर पाणी भरायच्या आणि दोघांची पोरं एका ताटात जेवायची. त्या पोरांतला एक पुढे चष्मेवाला झाला, दुसरा इंजिन कारखान्यात रंगारी.

मग एका हिवाळ्यात, धुक्यात, खडकातल्या वळणावर वडिलांची गाडी लाल सिग्नल ओलांडून गेली आणि पुढे उभ्या असलेल्या मालगाडीवर आदळली. काकांनी उडी मारली, ते वाचले. वडील वाचले नाहीत. चौकशीत काकांनी सांगितलं, "मी लाल म्हणून ओरडलो, त्यांनी ऐकलं नाही." संपलं. मेलेला माणूस काय बोलणार? लोक म्हणाले प्यायला असेल. वडिलांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? क्वार्टर सोडावं लागलं. आई त्यानंतर कुणाच्या लग्नाला गेली नाही, कुणाच्या बारशाला गेली नाही. तिचं एकच पालुपद होतं, "उत्तर आल्याशिवाय ते गाडी पुढे घालणारच नाहीत."

उत्तर म्हणजे सिग्नलचं उत्तर. इंजिनात रीतच तशी होती. सिग्नल दिसला की एकाने विचारायचं, "सिग्नल?" दुसऱ्याने रंग सांगायचा, आणि पहिल्याने तोच रंग पुन्हा मोठ्याने म्हणायचा. खडकातल्या वळणावर रूळ उजवीकडे वळतात आणि इंजिनाचं लांब नाक ड्रायव्हरच्या नजरेला आडवं येतं. तिथला सिग्नल फक्त उजव्या खिडकीतून दिसतो. डावीकडच्या माणसाने विश्वास ठेवायचा, बस्स. वडील हा खेळ घरीही खेळायचे. जेवताना मध्येच म्हणायचे, "सिग्नल?" आणि दोन्ही पोरांनी वळून कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघायचं. तिथे त्यांनी कधी लाल रुमाल ठेवलेला असायचा, कधी हिरवा. रंगारी लहानपणी फार चलाख, तो न बघताच "हिरवा!" म्हणून मोकळा व्हायचा. वडील त्याच्या डोक्यावर टपली मारायचे. "बघून सांग, गाढवा. न बघता हो म्हणायचं नाही."

रंगाऱ्याची ती खोड कधीच गेली नाही. कुणाला नाही म्हणणं त्याच्या रक्तातच नव्हतं. लग्नाला येतोस? हो. कपाट रंगवून देतोस? हो, रविवारीच. असे त्याचे कित्येक रविवार लोकांच्या कपाटांत अडकून पडले होते. पण माणूस गोड, आणि चष्मेवाल्याला तो भावापेक्षा जवळचा. क्वार्टर सुटल्यावर सगळ्यांनी पाठ फिरवली तेव्हा हा दहा वर्षांचा पोरगा स्वतःची वह्या-पुस्तकं घेऊन तीन मैल चालत त्यांच्या घरी यायचा. आईला मावशी म्हणायचा. ते उपकार चष्मेवाला विसरला नव्हता.

म्हणूनच दोन महिन्यांपूर्वी तो दुकानात येऊन म्हणाला तेव्हा चष्मेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"चष्म्या, ऐक. कारखान्याला पन्नास वर्षं भरली म्हणून एक इंजिन जुन्या रंगात रंगवायचंय. तो गडद हिरवा आणि वर पिवळा पट्टा, आपल्या बापांच्या वेळचा. काम माझ्याकडे आहे. तुझ्या बाबांचं नाव लिहितो डाव्या खिडकीखाली. साहेब लोकांना वाटेल जुन्या फोटोत तसंच होतं."

"खरंच लिहिशील?"

"लिहिलंच समज. पहिली मालगाडी घेऊन निघेल तेव्हा पहिला फोटो तुझा. वळणावर उभा राहा, तुझे बाबा गेले त्या जागेवरच. मी यार्डातून फोन करतो."

मागच्या आठवड्यात त्याने सांगितलं, लिहून झालं. "माझ्या हातानं लिहिलंय. मावशीला सांग." आईने त्या दिवशी एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा शेजारणीला हाक मारून घरात बोलावलं आणि सांगितलं, "आमच्या ह्यांचं नाव लागणार आहे इंजिनावर."

चष्मेवाला वळणावर पोचला तेव्हा अडीच वाजले होते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे खडक, मधून एकच मार्ग. खडकाच्या फटींतून पाणी ठिबकून गोठलं होतं. वरच्या पायवाटेवर उभं राहून तो हातांवर फुंकर मारत राहिला. तीनला फोन वाजला.

"कुठवर आली?" त्याने विचारलं.

"अजून यार्डातच आहे रे. समोरच उभी आहे माझ्या. ब्रेकचं काहीतरी चाललंय. चाळीस मिनिटं तरी हलत नाही ती."

"नक्की?"

"अरे, मी बघतोय ना तिच्याकडे! तू उतर खाली, निवांत नेम बांध."

गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांत एक अलिखित नियम असतो. जे डोळ्यांनी दिसतंय तेच फोनवर सांगायचं, कारण पुढचा माणूस त्या शब्दावर रुळात उतरतो. चष्मेवाला उतरला. इंजिनाचं तोंड जिथे यायला हवं तिथे रुळावर खडूची खूण करायची आणि त्या खुणेवर कॅमेऱ्याची नजर बांधायची, ही त्याची रीत. खाली बसून त्याने खूण केली, मग मार्गाच्या मधोमध उभा राहून कॅमेऱ्यातून इकडेतिकडे बघू लागला. सिग्नल त्याच्या पाठीमागे होता. एकदा मान वळवली असती तरी पुरे होतं. पण मित्राने सांगितलं होतं, चाळीस मिनिटं.

धुकं केव्हा उतरलं ते त्याला कळलं नाही. आधी खडूची खूण पुसट झाली, मग समोरचं वळणच दिसेना. ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज थांबला. आणि वास आला. ताज्या तेलरंगाचा, टर्पेंटाइनचा, आणि त्याखाली जळक्या डिझेलचा. लहानपणी वडील कामावरून आले की दाराआधी हाच वास घरात शिरायचा.

मग कुणीतरी बोललं.

"सिग्नल?"

आवाज मोठा नव्हता. धुक्यातून, थोड्या उंचावरून आला, जेवताना विचारावा इतका साधा. एक्केचाळीस वर्षांत तो आवाज चष्मेवाल्याने ऐकला नव्हता, आणि एका शब्दात ओळखला.

उत्तर आलं नाही. रुळांतून बारीक थरथर त्याच्या बुटांत चढू लागली.

"सिग्नल?" या खेपेला आवाजात घाई होती.

कुणीतरी दोनदा खाकरलं. काका बोलण्याआधी असेच दोनदा खाकरायचे, साऱ्या क्वार्टरला ते ठाऊक होतं. मग झोपेने जड झालेला, जाग येता येता तोंडातून सुटलेला शब्द आला.

"हिरवा…"

चष्मेवाला वळला. त्याने वळायचं ठरवलं नव्हतं. लहानपणी ताटावरून मान जशी आपोआप फिरायची तशी फिरली. धुक्यात, खडकाच्या वर, सिग्नलचा दिवा जळत होता.

लाल.

"बाबा!" तो किंचाळला. "लाल! बाबा, लाल आहे! लाल!"

"हिरवा," वरून वडिलांचा आवाज म्हणाला. शांत, नियमाप्रमाणे.

धुक्यातून काळपट हिरवं तोंड बाहेर आलं तेव्हा आवाज असा काही नव्हताच, नुसता वास आणि थरथर. चष्मेवाल्याने स्वतःला बाजूला फेकलं आणि खडकाला पाठ लावून उभा राहिला. इंजिन त्याच्या खांद्याला घासत गेलं. डावी खिडकी डोक्यावरून सरकली. त्यात वडील होते, त्याच्या आजच्या वयापेक्षा बरेच लहान, आणि ते पोराकडे बघत नव्हते. त्यांनी मान उजवीकडे वळवली होती, आतल्या दुसऱ्या माणसाकडे, आणि चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. इतक्या विश्वासाने चष्मेवाल्याने जन्मात एकाच माणसाकडे बघितलं होतं, आणि तो माणूस आत्ता यार्डात उभा होता.

डबे गेले. किती, ते त्याला मोजता आले नाहीत. पुढे कुठेतरी लोखंडावर लोखंड बराच वेळ खरडत राहिलं आणि अर्ध्यातच तुटलं. धुकं विरळ झालं. पाणी पुन्हा ठिबकू लागलं. रुळावर खडूची खूण जशीच्या तशी होती, पुसलेली नव्हती.

त्याने सिग्नलकडे बघितलं. हिरवा. स्वच्छ, ठसठशीत हिरवा. म्हणजे गाडी यायची होती, आणि तीही आत्ताच. हे कळायला त्याला एक क्षण लागला आणि दुसऱ्याच क्षणाला भोंगा वाजला. या खेपेला खडक हादरले. नवाकोरा हिरवा रंग, वर पिवळा पट्टा, खरंखुरं, धूर सोडणारं इंजिन वळणावरून धडधडत आलं आणि खडूच्या खुणेवरून गेलं. दोन मिनिटांपूर्वी तो तिथेच उभा होता, गाडीला पाठ करून सुद्धा नाही, कॅमेरा डोळ्याला लावून, धुक्यात, चाळीस मिनिटांच्या भरवशावर.

बोटाने सवयीने बटण दाबलं. डावी खिडकी त्याच्यासमोरून गेली. खिडकीखाली हिरवा रंग होता. नुसता रंग. एक अक्षर नाही, पांढऱ्याचा एक ठिपका नाही.

शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर त्याने फोन लावला.

"कुठे आहे गाडी?"

"अरे, सांगितलं ना, समोरच उभी आहे. बघतोय मी तिच्याकडे."

"आणि नाव?"

"काय?"

"नाव लिहिलंयस ना खिडकीखाली?"

"लिहिलंय रे बाबा. माझ्या हातानं. किती वेळा सांगू?"

चष्मेवाला खडीवर बसला. त्याला राग यायला हवा होता, पण रागाआधी दुसरंच काहीतरी आलं. आपला म्हणून मानलेल्या माणसाने आपल्याला फसवावं, आणि तेही इतक्या गोड आवाजात, हे त्याला सहन होईना.

"गाडी आत्ता माझ्या समोरून गेली," तो म्हणाला. "तू कुठे आहेस?"

पलीकडे रंगाचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"शेडमध्ये," रंगारी म्हणाला. "रंगाच्या शेडमध्ये. थंडी होती… साहेब म्हणाले नाव-बिव काही लिहायचं नाही. तुला कसं सांगू? मावशी किती खूश होती. म्हटलं फोटो चुकला तर आपोआपच… आज घरी जाशील कंटाळून…"

"मी रुळात उभा होतो."

"चष्म्या…"

"काकांनी बघितला होता का सिग्नल? त्या दिवशी?"

या प्रश्नाला 'हो' म्हणायला रंगाऱ्याला अर्धा क्षणही लागायला नको होता. तो म्हणाला, "तुला… कुणी सांगितलं?"

"म्हणजे तुला माहीत होतं."

"जाताना बोलले ते मला. डोळा लागला होता त्यांचा. सवयीनं तोंडातून निघालं, हिरवा. बारा वर्षं झाली. तुझ्याकडे यायचो ना, दर वेळी वाटायचं आज सांगू. मावशीला नको सांगूस… मी पाया पडतो तुझ्या."

चष्मेवाल्याने फोन बंद केला. बारा वर्षं हा माणूस त्याच्या घरी येऊन आईच्या हातचा चहा पीत होता.

घरी पोचेपर्यंत दिवे लागले होते. आईने पावलं ओळखली आणि भिंग हातात घेतलं. "दाखव," ती म्हणाली.

काय दाखवणार? तो तिच्या पायाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. नावाचं, काकांचं, धुक्याचं. संपल्यावर आई म्हणाली, "मी म्हणतच होते. उत्तर आल्याशिवाय ते जाणार नाहीत." मग तिने हात पुढे करून त्याचा खांदा चाचपला, आणि बोटं नाकाशी नेली.

"अरे, हे काय? ओला रंग आहे."

कोटाच्या डाव्या खांद्यावर, इंजिन घासून गेलं होतं तिथे, पांढरी अक्षरं उमटली होती. उलटी, आरशात दिसावीत तशी. आईने कोट दिव्याखाली धरला, भिंगातून अक्षर अक्षर उलटं लावत वाचलं, आणि नवऱ्याचं नाव, जे तिने जन्मात तोंडाने घेतलं नव्हतं, ते मोठ्याने उच्चारलं.

तेवढ्यात फोन वाजला. रंगारी. घ्यावा की नाही अशा विचारात चष्मेवाल्याने घेतला.

"चष्म्या…" आवाज अगदी खाली होता. "अजून शेडमध्येच आहे मी. दार बाहेरून लावून गेलेत वाटतं. दिवे गेलेत. इथे… कुणीतरी विचारतंय."

"काय विचारतंय?"

"तुला माहीत आहे काय ते. माझ्या डावीकडून विचारतंय. तीनदा झालं. मी काय सांगू? सांग ना… काय सांगू?"

फोनमधून, रंगाऱ्याच्या धापेमागून, तो साधा आवाज चष्मेवाल्याला ऐकू आला. आईलाही आला असावा, कारण तिने मान वर केली.

चष्मेवाला म्हणाला, "बघून सांग."

"अंधार आहे रे! मला काही दिसत नाही!"

"मग तसंच सांग. दिसत नाही म्हण. बघितल्याशिवाय काही म्हणू नकोस, ऐकतोयस ना? काहीही झालं तरी…"

पण घाबरलेला माणूस जन्माच्या सवयीलाच मिठी मारतो. समोरच्याला बरं वाटेल तेच त्याच्या तोंडून निघालं.

"हिरवा," रंगारी म्हणाला.

"हिरवा," दुसरा आवाज म्हणाला. मग फोनमधून चाकं धडधडू लागली. त्या शेडमधला रूळ भिंतीपाशी संपतो. तरी डबे जातच राहिले, एकामागून एक, आणि आई भिंग मांडीवर ठेवून दाराकडे बघत म्हणाली, "आले का रे?"

रविवारी कारखाना बंद असतो. सोमवारी सकाळी शेड उघडलं तेव्हा रंगारी भिंतीजवळ, रुळाच्या टोकाला बसलेला सापडला. अंगावर ओरखडा नव्हता. तो जिवंत आहे, खातो-पितो, घरच्यांना ओळखतो. फक्त काहीही विचारलं, अगदी चहा घेतोस का एवढं जरी विचारलं, तरी आधी मान डावीकडे वळवून बराच वेळ बघतो, तिथे कुणी उभं असल्यासारखं. मगच बोलतो.

चष्मेवाला त्याच्याकडे एकदाच गेला, महिन्याभराने. मनातला सल जाईना म्हणून गेला. कोटाची घडी त्याच्यापुढे ठेवून त्याने विचारलं, "खरं सांग, हे नाव तू लिहिलं होतंस का?"

रंगाऱ्याने डावीकडे बघितलं. बघतच राहिला. मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने चष्मेवाल्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "नाही."

आता तो खोटं बोलत नाही, हे त्याचा चेहराच सांगत होता. पण अक्षरं त्याचीच आहेत. शेवटच्या अक्षराला खालून शेपटी काढायची त्याची लकब शाळेच्या वह्यांपासूनची, चष्मेवाला ती कुठेही ओळखेल. कोट खुंटीला आहे. तिसरा हिवाळा चालू आहे. आई रोज संध्याकाळी खांद्यावरून बोट फिरवते, आणि रोज तिच्या बोटाला ओला पांढरा रंग लागतो.